विचारा की! या वेळी सगळी पत्रं मिरज जंक्शनची

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेलो, की माझं लहानपण मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं आणि वडील पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारे, होते. झालं, त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की बागकाम, कर्जाचे हप्ते, सुनेचं माहेरपण असले सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत. या वेळी फक्त स्टेशन. ज्यांना रेल्वेत रस नाही त्यांनी पान उलटून सरळ पाककृतीकडे जावं, मी राग मानणार नाही.

प्रश्न : माझा नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याला सांगितलं की आमच्या वेळी मिरजेत तीन मापाचे रूळ होते तर पोरगं हसतंय. म्हणतं आजोबा, दोन असतील, तीन कसे असतील. वडापावची पैज लागली आहे. कोण बरोबर? (एक आजोबा, विटा)

आजोबा, वडापाव वसूल करा, आणि चटणी जास्त मागून घ्या. तीनच होते. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज, तिन्ही एकाच वेळी, एकाच स्टेशनात. पण नातवालाही एकदम वेड्यात काढू नका, कारण हे तीन रूळ कायम नव्हते, साधारण सत्तरीच्या सुरुवातीपासून नव्वदीपर्यंतचा तो काळ. त्याच्या आधी दोन होते आणि आता एकच आहे. तेव्हा त्यानं कुठंतरी 'दोन' वाचलं असेल तर तेही खोटं नाही.

आता जरा मागनं सांगतो म्हणजे त्यालाही पटेल. १८७६ ते ७८ चा जो मोठा दुष्काळ पडला, दख्खनमध्ये माणसं आणि जनावरं पटापट गेली, त्यानंतर सरकारला जाग आली की धान्य एका भागात पडून आणि दुसऱ्या भागात उपासमार, कारण न्यायला साधन नाही. त्यातून दुष्काळी भागात रेल्वे न्यायचं धोरण ठरलं आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी निघाली. तिनं पुण्याहून सातारा भाग, कऱ्हाड, मिरज, बेळगाव असं करत लोंढ्यापर्यंत लाइन टाकली, ती १८९० पर्यंत पुरी झाली, आणि लोंढ्याला ती गोव्याच्या मुरगाव बंदराकडं जाणाऱ्या लाइनला जुळली. ही सगळी मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. स्वस्तात पडायची ना. पुण्याला मुंबईकडून येणारी लाइन मात्र ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर, आपल्या भाषेत साडेपाच फूट. त्यामुळं मुंबईचा माल पुण्यात उतरवा आणि पुन्हा दुसऱ्या गाडीत भरा, हा खेळ तेव्हापासूनचा.

मग कोल्हापूर संस्थानानं मिरजेपर्यंत आपली लाइन काढली. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते कामाची सुरुवात झाली (महाराज तेव्हा पोरसवदाच होते, राज्यकारभार हाती आला तो १८९४ ला) आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. तीही मीटरगेजच. त्या दिवसापासून मिरज नुसतं स्टेशन न राहता जंक्शन झालं.

तिसरा रूळ आला पंढरपूरकडून. बार्शी लाइट रेल्वे! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर होता, त्याच्या डोक्यात एकच भुंगा, की छोट्या गेजची रेल्वे नीट डिझाइन केली, प्रत्येक चाकावर वजन सारखं पडेल असं बघितलं तर हलक्या रुळावरूनसुद्धा भरपूर माल नेता येतो. त्यानं अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची लाइन १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली, मग १९०६ ला ती पंढरपूरला गेली, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. सगळी मिळून दोनशे दोन मैल. कॅलथ्रॉप त्याच वर्षी वारला. या गृहस्थाचं आणखी एक म्हणजे यानं नंतर विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं, 'गार्डियन एंजल' नावाचं. रोल्स-रॉइसवाला रोल्स, तो याचा मित्र, १९१० मध्ये विमान पडून गेला, ते याच्या मनाला लागलं म्हणून. पंढरीच्या वारकऱ्यांची गाडी आणि पॅराशूट एकाच डोक्यातनं निघालंय, हे मला फार वर्षांनी कळलं.

तर १९२७ नंतर मिरजेत मीटरगेज आणि नॅरोगेज. मग सत्तरीच्या सुरुवातीला पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, महालक्ष्मी एक्सप्रेस १९७१ मध्ये सुरू झाली, पण मिरजेच्या खाली बेळगाव-लोंढा बाजू नव्वदीपर्यंत मीटरगेजच राहिली आणि पंढरपूरची नॅरोगेज तर एकविसावं शतक उजाडलं तरी चालू होती. म्हणजे मधली वीस-बावीस वर्षं तिन्ही. मुंबईहून बेंगलोरला जाणारा माणूस मिरजेत पहाटे डोळे चोळत उतरायचा, डोक्यावर ट्रंक, काखेत पोर, आणि पलीकडच्या फलाटावर मीटरगेजची गाडी पकडायला पळायचा.

माणसं पळत जायची, पोती कशी जाणार? सांगोला-मंगळवेढ्याकडनं ज्वारी यायची नॅरोगेजच्या छोट्या वाघिणीतून, म्हणजे मालाच्या डब्यातून. ती वाघीण आणि ब्रॉडगेजची वाघीण शेजारी शेजारी उभी केली की आजोबा आणि नातू उभे आहेत असं वाटायचं. मधे फळी टाकलेली असायची आणि त्या फळीवरून हमाल पोतं पाठीवर घेऊन चालायचे, एकामागं एक, फळी मधोमध वाकायची आणि माणूस पार झाला की टण्ण करून वर यायची. पोत्याला हूक लावला की भोक पडतंच, त्यातनं ज्वारी गळायची, आणि संध्याकाळी चार-पाच बायका छोट्या केरसुण्या घेऊन रुळांच्या मधली खडी अशी झाडायच्या की दाणा न् दाणा सुपात. खडीतला कोळसा, माती पाखडून काढायच्या तिथंच बसून. आमच्या आईनं एकदा त्यांच्यातल्या एकीला विचारलं किती मिळते, तर ती म्हणाली, "रोजची भाकरी सुटतीया बाई, कधी कोंबड्यास्नी बी उरतंय." ही गेज बदलल्याची खरी आकडेवारी, पुस्तकात मिळायची नाही.

नातवाला सांगा, विश्वास बसत नसेल तर मिरजेतल्या साठीच्या पुढच्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचार.

प्रश्न : सांगली जिल्ह्याचं ठिकाण, मार्केट मोठं, तरी जंक्शन मिरजेला कसं काय? आणि आमच्या सांगलीत 'स्टेशन चौक' आहे पण तिथं स्टेशन कुठाय? बाहेरगावचा पाहुणा त्या चौकात उतरतो आणि मग फोन करून आम्हाला शिव्या घालतो. (गृहिणी, सांगली)

ताई, पाहुण्याला म्हणावं पन्नास-साठ वर्षं उशीर केलास.

कंपनीची मोठी लाइन मिरजेवरून गेली, सांगली बाजूला पडली. तेव्हा सांगली आणि मिरज ही वेगळी संस्थानं, दोन्हीकडं पटवर्धनच, पण घर वेगळं चूल वेगळी. मग सांगली संस्थानानं स्वतःच्या खर्चानं मिरज ते सांगली अशी पाचेक मैलांची लाइन करून घेतली, १९०७ मध्ये, सांगली स्टेट रेल्वे. पाच मैलांची रेल्वे! पण हळदीचं गाव, माल बाहेर काढायचा तर रेल्वे दारात हवी, आणि शेजारच्या संस्थानाकडं आहे म्हटल्यावर आपल्याकडं नको का. त्या लाइनचं टोक गावात होतं आणि तिथला चौक तो स्टेशन चौक. पुढं ब्रॉडगेज करताना मुख्य लाइनच सांगलीवरून घेतली, नवं स्टेशन झालं, मधे विश्रामबाग आलं आणि गावातलं जुनं टोक गेलं. नाव तेवढं चौकाला चिकटून राहिलं. आपल्याकडं माणूस गेला तरी रेशनकार्डावरचं नाव जात नाही, तसंच.

आणि जंक्शनचं म्हणाल तर आज मिरजेत चार दिशांनी लाइन येते, पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डुवाडी. सांगलीला सरळ जाणारी एकच. अर्थात सांगलीचेही दिवस फिरलेत, बेंगलोरची राणी चन्नम्मा आता सांगलीपर्यंत येते आणि पुणे-हुबळी वंदे भारतही थांबते. मिरजकर म्हणून मला ते जरा टोचतं पण ठीक आहे.

प्रश्न : सातारा स्टेशन साताऱ्यात का नाही? रात्री अकराला उतरलो तर रिक्षावाल्यानं जे भाडं सांगितलं त्यात पुण्याहून यष्टीनं आलो असतो. (वैतागलेला नोकरदार, सातारा)

दादा, तुम्ही नशीबवान आहात असं म्हटलं तर चिडू नका. आज स्टेशन निदान माहुलीच्या बाजूला आहे, पाच-सहा किलोमीटर. मीटरगेजच्या काळात साताऱ्याला जाणारा माणूस उतरायचा 'सातारा रोड' स्टेशनवर, तिथनं सातारा दहा मैल. बैलगाडी नाहीतर टांगा. आणि महाबळेश्वरला जाणारे साहेब लोक वाठारला उतरायचे, तिथनं पुढं चाळीस मैल घोडागाडी, तेव्हा तुमचा रिक्षावाला बराच म्हणायचा.

यावरनं एक गंमत सांगतो, ही लक्षात ठेवली तर प्रवासात उपयोगी पडते. रेल्वेत स्टेशनच्या नावाला 'रोड' लागला की समजायचं, गाव इथं नाही, गावाला जाणारा रस्ता इथनं आहे. सातारा रोड झालं. पंढरपूर लाइनवर जत रोड आहे, तिथं उतरून जत कुठाय म्हणून बघायला लागलात तर माळ दिसेल नुसता. कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. आणि कुंडल रोड! हे कुठलं म्हणाल, तर किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजानं कुंडलजवळची माळरानाची जागा दिली, निवडुंग आणि नाग यांचं राज्य होतं म्हणतात, पण एक गोष्ट तिथं होती, शेजारी रेल्वे स्टेशन. लोखंड येणार रेल्वेनं, नांगर जाणार रेल्वेनं. कारखाना एवढा वाढला की कुंडल रोडचं किर्लोस्करवाडी झालं. कऱ्हाडचं स्टेशनही कऱ्हाडात नाही, ओगलेवाडीला आहे, जिथं ओगल्यांचा काच कारखाना आणि प्रभाकर कंदील. सातारा रोडलाही कूपरांचा कारखाना. म्हणजे बघा, स्टेशन गावापासून लांब म्हणून गाववाले शंभर वर्षं कुरकुरतायत, पण त्याच लांबच्या मोकळ्या माळावर कारखाने उभे राहिले. गावात स्टेशन असतं तर जागा कुठली मिळणार होती.

रिक्षा भाड्याचं माझ्या हातात काही नाही. पाचजणांनी मिळून करत जा.

प्रश्न : वडिलांना हार्टच्या ऑपरेशनसाठी मिरजेला आणायचं आहे. आमची गाडी रात्री अडीचला पोचते, दवाखाना सकाळी. एवढ्या रात्री पेशंट घेऊन कुठं जायचं? स्टेशनवर काय सोय होते? आणि म्हातारपणाची तिकीट सवलत परत सुरू झाली का? (मुलगी, अथणीजवळच्या गावातून)

ताई, आधी वडिलांना लवकर बरं वाटू दे. मिरजेला पेशंट घेऊन रात्री-बेरात्री उतरणारी तुम्ही पहिली नाही, वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातनं, कोकणातनं माणसं गाडीनं इथं येतायत. आम्ही क्वार्टर्समधली पोरं फलाटावर खेळायला जायचो तेव्हा घोंगडीवर निजलेला एखादा पेशंट आणि शेजारी स्टोव्हवर पेज शिजवणारी त्याची बायको हे रोजचं दृश्य होतं.

आता मुद्द्याचं. रिटायरिंग रूम ही सोय पुष्कळांना माहीतच नसते. आयआरसीटीसीच्या साइटवर बुक करता येते, पण कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो, वेटिंगवाल्याला किंवा नुसत्या जनरल तिकिटावर ऑनलाइन मिळत नाही. खोल्या थोड्याच असतात तेव्हा तिकीट काढलं त्याच दिवशी हेही करून टाका, आदल्या रात्री बघू म्हणाल तर भरलेल्या असतात. नाही मिळाली तर वेटिंग रूम आहेच, तिकीट जवळ ठेवा. एक आगाऊ सूचना, ओडोमॉस आणि एक चादर घरनंच न्या. मी एकदा एका स्टेशनच्या (नाव घेत नाही, आपलं नाही एवढंच सांगतो) रिटायरिंग रूममध्ये पूर्ण पैसे भरून रात्र काढली, पंखा होता पण रेग्युलेटर नव्हता, बटण दाबलं की वादळ आणि बंद केलं की डास, शेवटी पहाटे तीनला बाहेर बाकावर येऊन झोपलो आणि तिथं उत्तम झोप लागली.

व्हीलचेअर लागणार असेल तर गाडीत बसल्यावर १३९ ला फोन करून सांगून ठेवा आणि उतरल्यावर स्टेशन मास्तरच्या ऑफिसात एकाला पुढं पाठवा, सगळेच पेशंटपाशी थांबू नका. न्यायला कोणी नातेवाईक येणार असेल तर त्यानं प्लॅटफॉर्म तिकीट काढायला पाहिजे, दहा रुपये, दोन तास चालतं, हो गाडी लेट झाली की लोक ते विसरतात आणि टीसी मात्र विसरत नाही. बोजा जास्त असेल तर क्लोक रूममध्ये ठेवता येतो, बॅगेला कुलूप पाहिजे, बिनकुलपाची घेत नाहीत.

ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, ती बंदच आहे. माझ्या मते हे चुकीचं केलं, पण मला कोण विचारतंय. मात्र पेशंटची सवलत वेगळी आहे आणि ती चालू आहे. कॅन्सर, हृदयाचं ऑपरेशन, किडनीचं डायलिसिस अशा पेशंटना आणि बरोबरच्या एका माणसाला तिकिटात सूट मिळते. त्यासाठी दवाखान्याचं ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं आणि ते तिकीट काढताना खिडकीवर दाखवायला लागतं. तिकीट आधी काढून मग सर्टिफिकेट आणलं तर उपयोग नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा. आणि बुकिंग करताना वडिलांचं वय बरोबर टाका, साठीच्या वरच्या पुरुषांना आणि पंचेचाळीसच्या वरच्या बायकांना खालचा बर्थ मिळायची शक्यता जास्त असते, लोक घाईत वय चुकवतात आणि मग म्हाताऱ्या माणसाला वर चढवत बसतात.

प्रश्न : लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती मिरजेतनंच का? जवळचं दुसरं गाव नव्हतं का? शाळेत प्रोजेक्ट आहे. (आठवीतला विद्यार्थी, कवठेमहांकाळ)

बाळा, प्रोजेक्ट चांगला घेतलास, बाकीचे सगळे ज्वालामुखी करतात.

२०१६ चा उन्हाळा. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, टँकरपाशी आणि पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होतील म्हणून तिथं जमावबंदी लावायची वेळ आली. मोठ्या शहराला टँकरनं पाणी किती पुरवणार? मग रेल्वेनं द्यायचं ठरलं. त्यासाठी तीन गोष्टी एका जागी पाहिजेत, भरपूर पाणी, ते शुद्ध करून भरायची सोय आणि लातूरपर्यंत सरळ रूळ. मिरजेत तिन्ही होत्या. कृष्णेचं पाणी आहे. रेल्वेची स्वतःची जुनी पाणीव्यवस्था आहे, कारण वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचंच, जंक्शन म्हणजे पाणी हे समीकरणच होतं. हैदरखान विहीर असं तिचं नाव, रेल्वेवाल्यांना सगळ्यांना माहीत. तिथनं यार्डापर्यंत पाइप टाकून वाघिणी भरल्या.

त्या वाघिणी आधी तेल वाहणाऱ्या. त्या राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेनं धुऊन स्वच्छ करून आणल्या. ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली, दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नासेक हजार लिटर, म्हणजे मिळून पाच लाख लिटर, आणि १२ तारखेला पहाटे लातुरात पोचली. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पुढं काही महिने हे चालू होतं. तुझ्या गावावरनंच गेली ना ती, तुझ्या घरच्यांना विचार, किती जणांनी रुळाकडंला उभं राहून बघितली असेल.

आता प्रोजेक्टमध्ये घालायला एक गोष्ट देतो, ही बाईंना आवडेल. ती गाडी कुठल्या रस्त्यानं गेली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. वर विट्याच्या आजोबांना सांगितलेली कॅलथ्रॉपची बार्शी लाइट होती ना, तिचाच हा रस्ता, फक्त रूळ रुंद केलेले आणि कुर्डुवाडीच्या पुढं उस्मानाबादवरनं थोडं वळण घेतलेलं. अडीच फुटी रूळ असते तर पन्नास वाघिणींची गाडी गेली असती का? आणि मिरजेपर्यंतची जी मूळ लाइन तीही दुष्काळामुळंच आलेली. नकाशा काढ, तीन गेज तीन रंगांत दाखव आणि पाण्याचा रस्ता निळा कर.

प्रश्न : शेणोली स्टेशनवर गाडी लुटली होती हे खरं का? आमचे पणजोबा त्यात होते असं घरात सांगतात. (वाचक, कऱ्हाड तालुका)

खरं आहे. ७ जून १९४३. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीला रेल्वेच्या पगाराची रक्कम घेऊन जाणारी गाडी अडवली आणि पैसे नेले, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ हे त्यात पुढं होते. ते पैसे चळवळीसाठी आणि लोकांसाठी वापरले, आणि ते लुटणं नव्हे, इंग्रजांनी नेलेलं परत घेणं, असं ती मंडळी मानायची. तुमचे पणजोबा होते की नाही हे मी कसं सांगू, पण घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर आजच बसून विचारा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, उद्यावर टाकू नका.

प्रश्न : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ रेल्वे स्टेशनवर वारले असं माझ्या गाण्याच्या गुरुजींनी सांगितलं. ते मिरजेचं स्टेशन का? (गाणं शिकणारी, मिरज)

नाही गं, मिरजेचं नाही. किराणा घराण्याचे खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण शेवटी मिरजेचेच होऊन राहिले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची फार श्रद्धा. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते मद्रासकडं कार्यक्रमाला गेले होते आणि तिथनं गाडीनं पाँडिचेरीला निघाले. वाटेत छातीत दुखायला लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले. फलाटावरच अंथरूण टाकलं, नमाज पढले, आणि दरबारी कानड्याच्या सुरांत अल्लाचं नाव घेत तिथंच गेले असं सांगतात. तारीख २७ ऑक्टोबर.

मला या गोष्टीत नेहमी तो फलाट दिसतो. अनोळखी गाव, अनोळखी भाषा, गाडी निघून गेलेली, आणि खाली अंथरलेल्या सतरंजीवर तो आवाज. स्टेशनातल्या दिवा लावणाऱ्या पोर्टरला कळलं तरी असेल का कोण गातंय.

तिथनं त्यांना मिरजेला आणलं आणि दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. उरुसात अजून त्यांच्या नावानं गाणं होतं, रात्रभर. तू मिरजेतच आहेस, तर गुरुजींना घेऊन जा. सतार करणाऱ्यांची गल्ली तिथनं जवळच आहे, भोपळे वाळत घातलेले असतात बाहेर, ते बघत बघत चालत जाता येतं.